सवतीचं माहेर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



परदेश प्रवासावर बोला, असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मी थोडा संकोचलो. मी एकदाच परदेशी गेलो आहे, तेही बारा दिवसांसाठी. तिथली म्युझियम्स आणि बागा यांची वर्णनं तुम्ही माझ्यापेक्षा चांगल्या लेखकांकडून वाचली असतील. पण आमच्या घरानं एका शहराचं नाव जवळजवळ पन्नास वर्षं उराशी बाळगलं होतं. त्या शहरात आम्ही का गेलो आणि तिथं काय झालं, एवढंच सांगतो.

शहराचं नाव स्टुटगार्ट. आमच्या घरी मात्र त्याला 'इस्टूटगार' म्हणत.

माझे अब्बा बार्शी तालुक्यातले. 1972 च्या दुष्काळात विहिरी आटल्या, खडी फोडायची कामं निघाली. दुसऱ्या वर्षी अब्बा अम्मीला आणि मला घेऊन भोसरीला आले. तेव्हाची भोसरी म्हणजे निम्मं गाव आणि निम्म्या शेड. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना 1954 मध्ये उभा राहिला होता. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि माळरानावर आखणी सुरू झाली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून 1970 मध्ये नगरपालिका झाली, 1982 मध्ये महापालिका. सोलापूर, लातूर, बीड, खानदेश, कुठून कुठून माणसं आली. फाळणीनंतर आलेले सिंधी बांधव पिंपरीत आधीपासून होतेच. मूळच्या गावकऱ्यांच्या लेखी आम्ही सगळेच 'बाहेरचे'.

अब्बांना एका मध्यम कारखान्यात हेल्पर म्हणून काम मिळालं. दोन वर्षांनी त्यांना ग्राइंडिंग मशीनवर घेतलं. मशीन जुनं होतं, जर्मनीहून आणलेलं. त्याच्या अंगावर चार स्क्रूंनी बसवलेली पितळी पाटी होती. तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव, नंबर आणि खाली गाव: 'स्टुटगार्ट - बाड कान्स्टाट'. अब्बांना मराठी वाचता येत होतं, इंग्रजी अक्षरं येत नव्हती. ती त्यांनी या पाटीवरून शिकून घेतली. मी पहिलीत असताना त्यांनी मला पाटीवरची अक्षरं कागदावर उतरवून दाखवली होती. माझ्याआधी माझे वडील 'एस टी यू' गिरवत होते, हे मला तेव्हा विशेष वाटलं नव्हतं.

त्या मशीनचं त्यांना वेड होतं. माणसाचा केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाडीचा असतो. अब्बा दोन-तीन मायक्रॉनच्या हिशेबात बोलत. घरी आले की हाताला कूलंटचा वास. रविवारी ओव्हरटाईम. ईदच्या दिवशीसुद्धा नमाज आणि शीरखुर्मा झाला की, "जरा मशीन बघून येतो," म्हणून निघायचे. अम्मी चिडायची. म्हणायची, "ही माझी सवत आहे. जर्मनीची." शेजारणींनाही तसंच सांगायची. अब्बा सेकंड शिफ्टला गेले आणि कुणी विचारलं, तर अम्मीचं उत्तर ठरलेलं: "सवतीकडे गेलेत."

अब्बांच्या शेजारच्या मशीनवर एक वारकरी बुवा होते. एकादशीला आळंदीला जायचे. ते अब्बांना म्हणत, "आमची पंढरी जवळ आहे, तुमची लई लांब." कारण अब्बा सगळ्यांना सांगत, एकदा तरी जाऊन बघायचं, हे मशीन जिथं बनतं ते गाव आहे तरी कसं. शाळेच्या नकाशात मी त्यांना स्टुटगार्ट शोधून दिलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

पुढं मला कवितेचा नाद लागला आणि माझी जर्मनी वेगळी झाली. इक्बाल 1907 मध्ये हायडेलबर्गला होते आणि तिथल्या नेकार नदीवर त्यांनी संध्याकाळची कविता लिहिली, हे मला कळलं होतं. मी अब्बांना म्हणायचो, "जायचंच तर हायडेलबर्गला जावं. तुमच्या गावात काय, कारखानेच असणार." अब्बा म्हणायचे, "मग आपलं गाव दुसरं काय आहे?"

कारखाना 2003 मध्ये बंद पडला. नवी सीएनसी मशीनं आली होती, जुन्या शेडमधलं काम घटत गेलं. एके दिवशी गेटवर नोटीस लागली. कामगारांची शेवटची देणी पुरती मिळालीच नाहीत. काही वर्षं मीटिंगा झाल्या, तारखा पडल्या, मग माणसं पांगली. मशीनं वजनावर विकली गेली. अब्बांचं मशीन कुदळवाडीच्या भंगारात गेलं, असं कुणीतरी सांगितलं. ते बघायला अब्बा गेले नाहीत.

पण गेट बंद व्हायच्या आदल्या रात्री त्यांनी एक गोष्ट केली होती. खिशातल्या स्क्रूड्रायव्हरनं ते चार स्क्रू काढले आणि पाटी डब्याच्या पिशवीत घालून घरी आणली.

अठ्ठावीस वर्षांत अब्बांनी कारखान्यातून एक नटसुद्धा घरी आणला नव्हता. ही पाटी मात्र त्यांना छळत राहिली. कपाटात कपड्यांखाली ठेवायचे. अधूनमधून काढून पुसायचे, पुन्हा ठेवायचे. 2014 मध्ये ते गेले. त्याआधी दवाखान्यात त्यांनी अम्मीला सांगितलं, "ती पाटी मी विचारून आणलेली नाही. ती अमानत आहे. ज्याची त्याला पोचव."

आता हे कसं पोचवायचं? मालक राहिला नव्हता, शेड राहिली नव्हती. मी म्हणालो, "अम्मी, शंभर-दीडशे रुपयांचं पितळ आहे ते." अम्मी म्हणाली, "देणं लहान-मोठं नसतं रे. देणं ते देणं."

मधल्या काळात आमच्या भागात जर्मनी आणखी जवळ आली. तसा तिचा संबंध जुनाच. टेल्को आणि डायम्लर-बेंझ यांचा करार 1954 मध्ये जमशेदपूरच्या कारखान्यासाठी झाला आणि 1969 पर्यंत त्या ट्रकांवर तीन टोकांची चांदणी होती. पुढं पिंपरीत मर्सिडीजच्या मोटारी तयार होऊ लागल्या. 2009 मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, दोघांचेही कारखाने चाकणला सुरू झाले. ज्या चाकणला आपण कांद्याच्या बाजारासाठी आणि फिरंगोजी नरसाळ्याच्या किल्ल्यासाठी ओळखत होतो, तिथली पोरं जर्मन भाषेचे क्लास लावू लागली. माझा मुलगा त्यातलाच एक. डिप्लोमा, मग डिग्री, मग चाकणला नोकरी. आणि 2022 मध्ये त्याला दोन वर्षांसाठी कामावर पाठवलं, ते नेमकं स्टुटगार्टला.

दुसऱ्या वर्षी त्यानं आम्हाला बोलावलं. अम्मी पंचाहत्तर वर्षांची. ती नाही म्हणेल अशी माझी खात्री होती. ती म्हणाली, "येते. पाटी घेऊन येते."

नातेवाइकांत कुजबुज झाली. एक मामू तोंडावर म्हणाले, "आपा, या वयात लोक मक्केला जातात. तुम्ही जर्मनीला?" अम्मीनं शांतपणे सांगितलं, "हजला जायच्या आधी देणं फेडायचं असतं. आधी हिशेब, मग हज." मामू गप्प झाले.

मे 2023 मध्ये आम्ही तिघं निघालो: अम्मी, माझी पत्नी आणि मी. मुंबई विमानतळावर तपासणीत अम्मीची पिशवी अडली. त्या तरुण अधिकाऱ्यानं पाटी उलटीसुलटी करून विचारलं, "ये क्या है, अम्मा?" अम्मी म्हणाली, "हमारे घरवाले के मशीन की पाटी हय, बेटा. वापस देने जा रही हूँ." त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पाटीकडे, आणि पिशवी पुढं सरकवली.

फ्रँकफर्टला उतरलो आणि तिथून रेल्वेनं सव्वा-दीड तासात स्टुटगार्ट. अब्बांच्या स्वप्नातलं शहर समोर आलं ते खोदलेलं! रेल्वे स्टेशन जमिनीखाली नेण्याचं काम तिथं 2010 पासून चालू होतं. पत्रे, क्रेन, तात्पुरते पूल. पत्नी म्हणाली, "हे तर आपल्या मेट्रोच्या कामासारखं दिसतंय." आम्ही सगळे हसलो आणि शहराची भीती जरा कमी झाली.

स्टुटगार्ट एका वाटीसारख्या खोऱ्यात वसलेलं आहे. चहूबाजूंनी टेकड्या, आणि टेकड्यांवर चक्क द्राक्षांचे मळे, अगदी शहराच्या आत उतरलेले. वरच्या वस्तीतून खाली यायला दगडी जिने. असे चारशेहून अधिक जिने शहरात आहेत. नावाचा मूळ अर्थ घोड्यांच्या पैदाशीची जागा. दहाव्या शतकात इथं तसा तबेला होता म्हणतात. शहराच्या चिन्हात अजून काळा घोडा आहे. मुलानं हे सांगितल्यावर अम्मी म्हणाली, "म्हणजे पागा. मग तुझ्या दादांना हे कुणी सांगितलं नाही?" मला त्याच दिवशी कळलेली दुसरी गोष्ट म्हणजे हे शहर 1968 पासून आपल्या मुंबईचं भगिनी-शहर आहे. अब्बा भोसरीला आले, त्याच्या पाच वर्षं आधीपासून.

स्टेशनच्या मागं शहराचं वाचनालय आहे. 2011 मध्ये उघडलेला चौकोनी ठोकळा, ई उन-यंग या कोरियन वास्तुकारानं आखलेला. त्याच्या चार बाजूंवर वाचनालय हा शब्द चार भाषांत लिहिला आहे: जर्मन, इंग्रजी, कोरियन आणि अरबी. आम्ही एका भिंतीकडून वळलो आणि अम्मी थबकली. तिची शाळा झालेली नाही. लहानपणी मशिदीत कुराण वाचायला शिकली, तेवढीच अक्षरं. ती मान वर करून म्हणाली, "मकतबा लिख्या हय." जर्मनीत उतरल्यापासून प्रत्येक पाटी आम्ही तिला वाचून दाखवत होतो. ही तिनं आम्हाला वाचून दाखवली.

मर्सिडीजचं म्युझियम बघितलंच पाहिजे, असा मुलाचा आग्रह. 2006 मध्ये बांधलेली ती इमारत आतून गोल गोल उतरत येते. लिफ्टनं सगळ्यात वर जायचं आणि 1886 पासून खाली चालत यायचं. सुरुवातीलाच एक पांढरा घोडा उभा आहे आणि मग कार्ल बेंझची तीनचाकी. तिथं मुलानं अम्मीला बेर्टा बेंझची गोष्ट सांगितली. 1888 च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन त्याची मोटार बाहेर काढते आणि मॅनहाइमहून फोर्त्झहाइमला आईकडे जाते. शंभरावर किलोमीटर. इंधन संपलं तर औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. नळी तुंबली तर टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेक झिजले तर मोच्याकडून चामडं ठोकून घेतलं. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणजे एका बाईची माहेरची वारी!

अम्मीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "न विचारता नेली? मग नवरा काय म्हणाला?" मुलगा म्हणाला, "काय म्हणणार, दादीमा? त्या प्रवासामुळं तर त्याच्या गाडीचं नाव झालं." अम्मी काही बोलली नाही. पिशवी मात्र तिनं छातीशी धरली होती.

शेवटी आम्ही बाड कान्स्टाटला गेलो. मुख्य स्टेशनपासून लोकलनं पुढचंच स्टेशन, नेकार ओलांडून. हीच नदी पुढं हायडेलबर्गला जाते. माझी जर्मनी आणि अब्बांची जर्मनी एकाच पाण्यावर होती आणि मी वर्षानुवर्षं त्यांची थट्टा करत होतो. पुलावर मला हे जाणवलं. अम्मीला मी ते सांगितलं नाही.

पाटीवरच्या नावाचा कारखाना मुलानं आधीच शोधला होता. जुन्या पत्त्यावर आता ते काम चालत नव्हतं. तिथं वेगळी ऑफिसं होती. रिसेप्शनवरच्या मुलीनं सौजन्यानं ऐकलं, पण पाटी घ्यायला ती कोण? अम्मी फाटकाशी उभी राहून त्या इमारतीकडे बघत राहिली. बंद कारखाना तिला ओळखता येतो.

मन रमावं म्हणून आम्ही जवळच्या बागेत गेलो. तिथं गॉटलीब डायम्लरचं छोटं बागेतलं घर जपून ठेवलं आहे. 1882 नंतर डायम्लर आणि मायबाख तिथं गुपचूप इंजिनावर काम करत. माळ्याला वाटलं, हे लोक खोटी नाणी पाडतात. त्यानं पोलिसांना कळवलं. पोलिसांना आत सापडली ती हत्यारं आणि लोखंडाचे तुकडे. ते घर बघून मला भोसरीच्या पहिल्या शेड आठवल्या. मोठं काहीतरी सुरू होताना ते एवढंसंच असतं.

बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. अम्मीच्या डोक्यावरचा पदर बघून त्यांनी "सलाम अलेकुम" केलं. विचारलं, "हिंदिस्तान?" मुलगा जर्मन बोलतो, त्यामुळं संवाद जमला. ते तुर्कस्तानातून 1970 साली आलेले. जर्मनीनं 1961 मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले, 1973 मध्ये ती भरती थांबवली. त्या बारा वर्षांत लाखो माणसं आली. त्यांना नाव दिलं होतं 'पाहुणे कामगार'. आपल्याकडे पाहुण्याला कुणी काम सांगत नाही. हे गृहस्थ याच भागातल्या कारखान्यांत पस्तीस वर्षं राबले होते आणि त्यातली बरीच वर्षं ग्राइंडिंगवर.

अम्मीनं पिशवीतून पाटी काढली.

त्यांनी चष्मा लावला. अंगठ्यानं अक्षरं चाचपली, मग चारही भोकं, अगदी अब्बा चाचपायचे तशी. "उस्ता?" त्यांनी विचारलं. तुर्की भाषेत कसबी कारागिराला उस्ता म्हणतात. अम्मी म्हणाली, "हां, उस्ताद होते." मशीन कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. भंगारात गेलं, असं मुलानं सांगितलं. ते थोडा वेळ नदीच्या दिशेनं बघत बसले.

मग अम्मीनं मुलाला सांगितलं, "विचार त्यांना. ही न विचारता आणलेली आहे. कुणाला देऊ?"

मुलाला अवघडल्यासारखं झालं, पण त्यानं विचारलं. म्हाताऱ्यानं उलट प्रश्न केला: "त्यांचा पगार पूर्ण मिळाला होता?"

अम्मी म्हणाली, "नाही. शेवटचा नाहीच मिळाला पुरता."

त्यांनी पाटी दोन्ही हातांनी अम्मीच्या हातात परत ठेवली आणि दोनच शब्द म्हणाले: "हेसाप तमाम."

मुलगा भाषांतर करायला लागला, तशी अम्मीनं त्याला हातानं थांबवलं. तिला कळलं होतं.

श्रोतेहो, मी शब्दांत रमणारा माणूस. आपल्या कामाच्या जागेवरचे शब्द किती लांबून आलेत बघा. 'कारखाना' फारसी, 'हजेरी' आणि 'हिशेब' अरबी, 'पगार' पोर्तुगीज. 'कामगार' या शब्दात तर 'काम' आपलं आणि 'गार' फारसी. यातलं काहीही अम्मीला माहीत नाही. पण बार्शीची बाई आणि तुर्कस्तानचा म्हातारा एका बाकावर बसून अठ्ठावीस वर्षांचा हिशेब मिटवू शकले, ते या शब्दांच्या जोरावर.

तो माणूस काझी नव्हता. त्याचं म्हणणं कायद्यात बसतं का, शरियतमध्ये बसतं का, मला सांगता येणार नाही. त्याच मशीनवर हात काळे केलेल्या एका कामगारानं दुसऱ्याबद्दल दिलेला तो निवाडा होता. अम्मीला तो पुरला. परतताना लोकलमध्ये ती मला म्हणाली, "आता हजचा फॉर्म भर माझा." आणि खिडकीला डोकं टेकून झोपली. नऊ वर्षांत मी तिला दिवसा अशी गाढ झोपलेली पाहिलं नव्हतं.

पाटी आम्ही घरी परत आणली. आता ती कपाटात नसते. मोशीच्या आमच्या फ्लॅटमध्ये, अब्बांच्या फोटोखाली, चार स्क्रूंनी भिंतीवर बसवली आहे. स्क्रू माझ्या मुलानं सुट्टीत येऊन आवळले. एक किंचित वाकडा गेला आहे. अब्बा असते तर त्यांनी तो काढून पुन्हा बसवायला लावला असता.

परतल्यावर सोसायटीतल्या बायका अम्मीला भेटायला आल्या. एकीनं विचारलं, "अम्मी, एवढ्या लांब कुठं जाऊन आलात?"

अम्मी म्हणाली, "सवतीच्या माहेरी. माणसं चांगली आहेत तिच्याकडची."